गुरुबसप्पांची भिंत आणि रुद्राणीबाईंच्या स्पॅनिश लाता

श्रीशिवचरणी मस्तक ठेवून उदगीर मुक्कामी जे भिंतीचे महायुद्ध जाहले त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. त्या साली पर्जन्याने प्रांताकडे पाठ फिरविली, लातूर शहरास पाणी आगगाडीत बसोन येऊ लागले, आणि उदगिरास टँकर नामे लोखंडी गजराज येई तो गल्लोगल्ली घागरींची फौज उभी राही. ऐशा कठीण समयी ही मोहीम घडली.

आडत बाजारी राजमान्य राजेश्री गुरुबसप्पा, तुरीचे व्यापारी, यांच्या दुकानाची भिंत होती, लांब, उंच आणि चुन्याने दुधासारखी पांढरी. आता चुना कालवण्यास पाणी मिळेना, म्हणोन डाग पडल्यास तो पुढल्या पावसापावेतो कायम. सबब त्यांनी सक्त ताकीद फर्माविली की, भिंतीस कोणी पाठ टेकू नये आणि पान खाऊन तिजजवळ शिंकू नये.

बाहेरचा गनीम व्यंकट, जिल्हा मागणी समितीचा सरदार. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे हा त्याचा बाणा आणि गेरूचा डबा हे त्याचे हत्यार. गावातील एकही भिंत त्याने सोडिली नव्हती, राहिली ती एकटी गुरुबसप्पांची. तो रोज येऊन तिजकडे भुकेला पंगतीकडे पाहतो तैसा पाहे, आणि गुरुबसप्पा काठी घेऊन ओट्यावर बसत.

परंतु खरा दंगा घरातच शिजत होता. सूनबाई रुद्राणी लग्नाआधी लातुरास चित्रकला शिकल्या होत्या आणि सासरी आल्यापासोन रांगोळीपलीकडे त्यांच्या हातास काम नव्हते. मोबाइलात त्यांस स्पेन देशीची एक बाई गगनचुंबी भिंत रंगविताना दिसली आणि चित्त हरपले. बाईचे बोलणे कळेना, मग हट्टाने एकेक शब्द शिकल्या: भिंत ती पारेद, जाडा कुंचला तो ब्रोचा, रंगाचा डबा ती लाता, पुसणे ते बोर्रार. मग पदर सावरून सासऱ्यांपुढे अर्ज केला की, भिंतीवर भरलेले तळे काढू द्यावे, रंग तेलाचा आहे, पाणी लागत नाही. हुकूम जाहला की, नाही.

मग स्वयंपाकघरी सासूबाई जगदेवी यांसी मसलत जाहली. जगदेवीबाईंचे सारे आयुष्य त्या भिंतीसमोर तूर निवडण्यात गेले होते. त्या म्हणाल्या, "मला बी लई कटाळा आलाय त्या पांढऱ्याचा. तू काढ, मी शिडी धरते." आणि मसलत फुटू नये म्हणोन लढाईचे हुकूम स्पॅनिश भाषेत द्यावे ऐसे ठरले.

एके दुपारी गुरुबसप्पा गादीवर निद्रिस्त जाहल्याची खबर येताच फौज कूच करिती जाहली. फौज म्हणजे सून शिडीवर आणि सासू शिडीखाली. कोळशाने तळ्याचा काठ उमटला, आणि मग निळा रंग हवा जाहला, आणि सूनबाई रणावेशात गर्जल्या, "आत्या, लाता! लवकर लाता!"

गुरुबसप्पा दचकून उठले आणि धोतर सावरीत बाहेर धावले. "कोण कुणाला लाता घालायलंय?"

तो आवाज ऐकोन सूनबाईंचा हात हालला, कोळशाची रेघ तळ्यातून निघोन थेट खिडकीस जाऊन भिडली, आणि भयाने तोंडातून निघाले, "बोर्रार! आत्या, बोर्रार!"

"बोअर?" गुरुबसप्पा जागीच थबकले. दुष्काळात त्या शब्दाचा महिमा ऐसा की, राग, लाता आणि कोळसा सर्व विसरोन त्यांनी विचारिले, "कुठं? पाणी हाय का खाली?"

जगदेवीबाईंस खोटे बोलण्याचा सराव नव्हता. त्यांनी घाबरून भिंतीच्या पायथ्यास बोट दाखविले. "हितं."

मग हाक गल्लीभर गेली, घागरी धावल्या, बोअरची गाडी गर्जत आली आणि कोणास कोणाचे ऐकू येईना. सूनबाई हात हालवून नको नको म्हणत, तो लोक समजले की, आणखी खोल म्हणते. खडक भरडला, धुरळा आभाळी चढला, घागरीवाल्या बाया गिरणीतून निघाल्यासारख्या जाहल्या. पाण्याचा थेंब लागला नाही. धुरळा बसला तेव्हा दुधासारखी भिंत राखेसारखी जाहली होती.

गुरुबसप्पा ओट्यावर मटकन बसले. मग सूनबाई पुढे आल्या. "मामाजी, मी बोअर न्हाई म्हणले. बोर्रार म्हणले. म्हंजे पुसा."

"आन् लाता?"

"लाता म्हंजे रंगाचा डबा."

गुरुबसप्पांनी भिंत पाहिली, आणि मग धुरळ्यात बुडालेली बायको पाहिली, आणि मग त्यांचे पोट हालू लागले, मग खांदे, मग टोपी. ते हसले तशा जगदेवीबाई हसल्या, मग घागरी हसल्या, मग बोअरवाला मशिनीस टेकून हसला.

ही संधी साधोन व्यंकट गेरू घेऊन पुढे सरसावला. "मामा, भिंत तशी बी खराब झाली. लिहू द्या की."

गुरुबसप्पा उभे राहिले. सबब हुकूम जाहला की, सदर भिंत पायापासोन माथ्यापावेतो सूनबाई रुद्राणी यांस बहाल केली असे, आणि शिडी खुद्द आम्ही धरू.

मग धुरळ्याचे डाग तळ्याकाठचे खडक जाहले आणि राखेवर निळे पाणी चढले. व्यंकटाशी तह जाहला. तळ्याकाठी मैलाचा दगड रंगवून त्यावर उदगीर जिल्हा ही अक्षरे त्याने स्वहस्ते गेरूने भरावी. तो तृप्त जाहला आणि गावभर सांगत सुटला की, जिल्ह्याची स्थापना जाहली, तूर्त भिंतीवर.

रंग वाळला त्या दिवशी शेजारच्या नागप्पाची म्हैस दावे तोडून आली आणि तळ्यास तोंड लावून उभी राहिली. नागप्पा शेपूट ओढून दमला, ती हलेना.

येणेप्रमाणे भिंत फत्ते जाहली. पुढे निलंग्याचे एक गिऱ्हाईक तूर घ्यावयास आले आणि पुसू लागले की, हा पेंटर कोठला आणविला. गुरुबसप्पांनी बसावयास पोते सरकविले आणि म्हणाले, "पेंटर न्हाई. आमच्या रुद्राणीनं काढलंय. बसा, तळ्याकडं तोंड करून बसा."