बिनजाहिरातीच्या कॅसेटी

भंगारवाल्याने पोत्यात हात घातला, एक व्हिडिओ कॅसेट काढली, उलटीपालटी केली आणि परत पोत्यात टाकली.

"ह्ये न्हाय चालत, वैनी."

"आरं, फुकट ने की!" शांतादेवी म्हणाल्या.

"फुकट बी नगं. उगंच गाड्याला वजन."

शांतादेवींचे यजमान मल्लिकार्जुन हुक्केरी, म्हणजे घरचे अप्पा, नेमके त्याच वेळी देवपूजा आटोपून बाहेर आले. त्यांना काय झालंय ते पोतं पाहूनच कळलं. भंगारवाला कॅसेटी नेतोय याचा त्यांना जितका राग आला असता, त्याच्या दुप्पट तो नेत नाही याचा आला.

"फुकट नगं म्हंतोस? तुला काय कळतंय त्यातलं? चल, हो फुडं!"

अप्पा बिद्रीच्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त होऊन उचगावच्या घरी आले, तरी घरातलं पान त्यांच्या घड्याळाशिवाय हलत नसे. नोकरीत असतानाच, नव्वद सालानंतर, घरात व्हीसीआर आला होता, तेव्हा त्यांनी टीव्हीवरच्या मालिका आणि क्रिकेटचे सामने भरून ठेवायचा सपाटा लावला. तोही साधासुधा नाही. जाहिरात लागली रे लागली की अप्पा बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवत आणि जाहिरात संपताक्षणी पुन्हा सुरू करत. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचं नाही, पाणी मागायचं नाही. त्यांचं लक्ष विचलित होई. असं करून जमवलेला खजिना, आणि तो म्हणे भंगारातसुद्धा चालत नाही!

"दिवाळीच्या आत कपाट रिकामं करा," शांतादेवींनी बजावलं. "न्हाईतर मी सोता उकिरड्यावर नेऊन टाकते."

"उकिरड्यावर? अगं, इंटरनेटवर विकतो बघ. परदेशात अशा जुन्या कॅसेटी डोक्यावर घेऊन नाचत्यात."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते शाहूपुरीत अल्ताफच्या सायबर कॅफेत जाऊन बसले. साल दोन हजार आठ. जुन्या वस्तू विकायच्या साइटी नुकत्याच निघाल्या होत्या. अप्पा सांगत गेले, अल्ताफ टाइप करत गेला.

"ल्ही. घरच्या घरी तयार केलेल्या व्हिडिओ कॅसेटी. खासगी संग्रह. कुठंबी कापाकापी… न्हाय न्हाय, ते खोड. सलग आनंद, मधे कसलाबी व्यत्यय न्हाय. खऱ्या शौकिनांनीच फोन करावा."

अल्ताफचे हात थांबले. "काका, असंच टाकू?"

"असंच टाक. एक अक्षर हिकडचं तिकडं करू नगंस."

संध्याकाळपासून अप्पांचा मोबाइल वाजायला लागला. पहिला आवाज फारच दबका होता.

"कॅसेटवालं का?"

"व्हय. जरा मोठ्यांदा बोला की, पावणं."

"मोठ्यांदा कसं बोलू? घरात माणसं हाईत. तसल्या हाईत न्हवं?"

"कसल्या?"

"तसल्याच हो!"

अप्पांना वाटलं, माणूस जाणकार दिसतोय. बिनजाहिरातीच्याच मागतोय. "सगळ्या तसल्याच! एकूण एक मी सोता केलेल्या, ह्या हातानं."

"सोता? आन् घरात?"

"मग! मंडळी शेजारी बसलेली असायची. हूं का चूं करू द्यायचो न्हाय."

पलीकडून मग "दंडवत घ्या, पावणं" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

असे फोनवर फोन. सगळे कुजबुजणारे, सगळे आदराने बोलणारे. अप्पा खूश. कॉलेजातून आलेल्या विद्याश्रीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मैत्रिणीच्या कंप्युटरवर ती जाहिरात वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. बापाला हे सांगणार कसं? तिने आईला सांगितलं. शांतादेवींनी अप्पांना स्वयंपाकघरात बोलावून कानात सांगितलं. अप्पांचे कान लालबुंद झाले आणि मोबाइल त्यांनी तांदळाच्या डब्यात कोंबला.

"अय्यो देवा! आन् मंडळी शेजारी बसायची म्हणून सांगितलासा व्हय?" शांतादेवींना रागवावं की हसावं ते समजेना.

विद्याश्रीने जाहिरात बदलली. 'टीव्हीवरील जुने कार्यक्रम, मालिका, सामने' असं सरळ लिहिलं. त्याबरोबर फोन एकदम बंद पडले. दिवस गेले, दिवाळी तोंडावर आली. शांतादेवींनी पोतं पुन्हा झटकून ठेवलं. अप्पा हळूच मोबाइल उचलून पाहत, चालू आहे ना, याची खात्री करत.

आणि एकदाचा फोन आला. पुण्याहून. बोलणाऱ्याचं नाव मृत्युंजय. आवाज दबका नाही, चांगला खणखणीत.

"नव्वदच्या दशकातलं टीव्हीवरचं रेकॉर्डिंग आहे ना? सगळं घेतो, काका. रविवारी येतो. व्हीसीआर माझा मी आणतो."

रविवारी शांतादेवींनी शेंगापोळ्या केल्या. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मृत्युंजय हा चष्मा लावणारा, पोरसवदा दिसणारा माणूस निघाला. त्याने व्हीसीआर जोडला, कॅसेट घातली आणि पुढे पळवू लागला. पळवतच राहिला. मग दुसरी घातली. मग तिसरी.

"काका, जाहिराती कुठं आहेत?"

या प्रश्नाची अप्पा कित्येक वर्षं वाट पाहत होते. त्यांची छाती फुगली. "शोधा की! एक जरी जाहिरात गावली तर नाव बदलीन. बोट बटणावर ठिवून बसायचो."

मृत्युंजयने चष्मा काढला. "काका, मी जाहिरातीच गोळा करतो."

"काय?"

"त्या काळातल्या जाहिराती. साबणाच्या, चहाच्या, सायकलींच्या. मालिका काय, कुठंही मिळतात. जाहिराती कुणी ठेवल्याच नाहीत हो."

अप्पा खुर्चीत बसले. टाइमकीपरच्या नोकरीत कुणी त्यांची चूक काढली नव्हती. शर्टाची इस्त्रीसुद्धा उतरल्यासारखी दिसू लागली.

मृत्युंजय वायरी गुंडाळू लागला, तेव्हा शांतादेवी दारातून म्हणाल्या, "माझ्या दोन-चार हाईत. त्या काढू का?"

"तुझ्या कसल्या?" अप्पा म्हणाले.

"गळिताच्या हंगामात तुमी कारखान्यात रातपाळीला असायचासा, तवा मला मालिका भरून ठेवायला सांगायचासा की. मी बटण दाबून भाकरी करायला जायची. जाहिरातीबिहिरातीसकट सगळं भरायचं. मग तुमी येऊन वरडायचासा."

"आन् मी तुला सांगितलं हुतं, पुसून टाक!"

"पुसल्या की. फडक्यानं चांगल्या लख्ख पुसल्या आन् ट्रंकेत ठेवल्या."

विद्याश्री पदरासारखी ओढणी तोंडाला लावून आत पळाली. मृत्युंजय मात्र उठून उभा राहिला होता.

शांतादेवींनी ट्रंकेतून कॅसेटी आणल्या. पहिली लावली. पडद्यावर मुंग्या आल्या, मग साबणाच्या फेसात एक बाई हसली. "आली! आली!" मृत्युंजय जवळजवळ ओरडला. मग चहा आला. मग केसांचं तेल. विद्याश्री आतून धावत येऊन आईला म्हणाली, "अव्वा, ही बिस्किटाची बघ! मी शाळेत म्हणून दाखवायची!" शेजारच्या बयाबाई गलका ऐकून आल्या आणि त्याही बैठक मारून बसल्या. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. पण सायकलीची जाहिरात लागली तसं त्यांनी मान वळवली. तसली सायकल घ्यायची म्हणून त्यांनी एके काळी फार मनात घेतलं होतं.

"ही कधी लागायची?" ते पुटपुटले. "मी तर कधी बघितलीच न्हाय."

"कशी बघशीला? तुमी बटण बघत बसायचासा," शांतादेवी म्हणाल्या. पण त्यांनी चटईवर सरकून अप्पांना जागा करून दिली.

"काकू, या सगळ्या मला द्या. तुम्ही म्हणाल तो भाव," मृत्युंजय म्हणाला.

"भावाचं मागनं बघू. आदी सगळ्या बघून तर हूं द्यात. पावणं, पोळ्या खाऊनच जायचं."

तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि मालिका सुरू झाली. सगळ्या खोलीचा हिरमोड झाला. चटईवर व्हीसीआरच्या सगळ्यांत जवळ आता अप्पाच बसले होते. त्यांनी बोट पुढे केलं आणि मालिका पळवायला सुरुवात केली. नायिका रडली, सासू ओरडली, डॉक्टर आला, सगळं झरझर गेलं.

"थांबा, थांबा!" शांतादेवी कडाडल्या. "त्येलाची ग्येली की म्होरं! लक्ष कुठाय तुमचं?"

"आलो, आलो," अप्पा गडबडीने म्हणाले आणि कॅसेट मागे घेऊ लागले. तेवढ्यात बयाबाईंना शिंक आली. अप्पांनी मान वळवून एवढ्या रागाने पाहिलं, की बिचारीने दुसरी शिंक पदरातच दाबली.