बारकू आणि डोहातली मरळ

बारकू ओढ्यात पाय घालण्याआधी पाणी चाखायचा. बोट बुडवून जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "वरती म्हशी डुंबल्यात." नाहीतर, "आज झिंगे हायती, मासा नाय." तोवर मी थर्मामीटर पाण्यात सोडून वहीत आकडा टिपत असे. त्या काचेच्या नळीची त्याला कीव यायची.

"तिला जीभ हाय का, सायेब?"

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. ओढ्यांतल्या माशांवर एम.एस्सी.चा प्रबंध लिहायला मी मुंबईहून शहापूर तालुक्यात, डोळखांबकडे आलो होतो. तिथल्या शाळेच्या पडवीत मी, माझी जाळी आणि माझ्या बाटल्या असा मुक्काम होता. ओढे दाखवायला शाळेच्या मास्तरांनी गावाबाहेरच्या वाडीतला बारकू गाठून दिला. वयानं माझ्या वडिलांएवढा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला अहो-जाहो. तेव्हा ते कुणाला खटकत नसे. मलाही नाही.

एकदा त्याची फजिती करावी म्हणून मी तीन ओढ्यांचं पाणी तीन बाटल्यांत भरलं आणि मास्तरांदेखत त्याच्यापुढे मांडलं. दोन बाटल्या त्यानं बिनचूक ओळखल्या. तिसरी नुसती हुंगून बाजूला सारली. "हिच्यात आदी मेलेला मासा होता. बाटल्या धुवीत जा, सायेब." मास्तर पोट धरून हसले. मी त्या दिवशी बारकूशी बोललो नाही.

माशांबद्दल तो शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसा बोलायचा. शिंगाळा भांडखोर. वाम लबाड, तिचा शब्द धरायचा नाही. मरळीचं नाव मात्र तो आदरानं घ्यायचा. "मरळ संसारी हाय."

म्हणजे काय, ते दाखवायला भाद्रपदात तो मला एका डोहावर घेऊन गेला. जाण्याआधी कबूल करून घेतलं, "निसतं बगायचं. हात नाय लावायचा." मी "बरं" म्हणालो.

पाण्यावर तांबड्या पिल्लांचा एक पुंजका हलत होता, कुणी मूठभर शेंदूर सांडल्यासारखा. आणि त्याखाली, अगदी स्थिर, दोन काळसर मोठे मासे.

"आय आनि बाप," बारकू कुजबुजला. "पिलं मोटी होईस्तोवर हितनं हलनार नायत."

माझ्या प्रबंधातलं मरळीचं प्रकरण लंगडं होतं. पिल्लांसकट जोडी मिळाली तर ते उभं राहणार होतं. दुसऱ्या दिवशी मी बारकूला खोटंच काम सांगून पार दुसऱ्या ओढ्यावर पाठवलं आणि एकटा डोहावर गेलो. गळाला बेडकी लावून ती पिल्लांच्या पुंजक्यात सोडली. आई धावून आली. ती खायला आली नव्हती, पिल्लं वाचवायला आली होती. ते मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी गळ टाकला होता. मग तसाच बाप.

संध्याकाळी बारकूनं पडवीत मोठ्या बरणीत घातलेली मरळीची जोडी पाहिली. तो रागावेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "पिलं?"

"चार-पाच घेतली. बाकीची आहेत तिथंच."

तो उठून गेला. दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मला मुंबईला परतायचं होतं, सामान बांधायला तो हवा होता; मी चिडून त्याला शोधायला निघालो. तो डोहाच्या कडेला बसला होता, हातात लांब बांबू. खंड्या फांदीवर बसला की टाळ्या वाजवायचा, पाण्यात शिंगाळा दिसला की बांबू आपटायचा. पुंजका आता मूठभरही राहिला नव्हता.

"अरे, कामं सोडून हे काय चालवलंयस?"

"आयबाप नाय त्यांना. कुनी बसाया नको?"

मी हसलो. हो, हसलो. त्यानं पाण्यावरची नजर काढली नाही.

"माजी पोर अशीच ऱ्हायली, सायेब. आमी दोगं कोळशाच्या भट्टीवं. ती वाडीत, तापानं. आलो तवा नव्हतीच. तिच्यापाशी कुनी बसलं नव्हतं."

मी खडकावर त्याच्या शेजारी बसलो. तासभर बसलो असेन. मग मला मुंबईची गाडी गाठायची होती.

मरळीच्या प्रकरणाला परीक्षकांनी शाबासकी दिली. प्रबंधात आभार प्राध्यापकांचे आहेत, ग्रंथपालांचे आहेत, शाळेच्या मास्तरांचेसुद्धा आहेत.

पुढच्या वर्षी मास्तरांकडे राहिलेली जाळी आणायला पुन्हा डोळखांबला गेलो. बारकूला भेटायचं मनातही नव्हतं. पण मी आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो वाडीवरून धापा टाकत आला आणि पडवीच्या पायरीशी उभा राहिला.

"सायेब, त्या पिलांतली काई जगली. मी सोता बगितली. तुमी घोर नका करू."

वर्षभर मी त्या पिल्लांच्या काळजीत असेन, असं त्यानं गृहीत धरलं होतं. मला त्यांची एकदाही आठवण झाली नव्हती.

"बरं झालं," मी म्हणालो, आणि जाळीची घडी घालत राहिलो.