वरून दोन हात

आमचे आबा कमरंला दोन हात दोरी गुंडाळून हिंडतेत. धोतराच्या आत न्हाई, धोतरावरून, सगळ्या गावाला दिसंल अशी. बाजारात तशीच, लग्नात तशीच. मी पेडगावात सून मनून आले तवा पयल्यांदा मला त्येंची दोरी दिसली, तोंड लय दिवसांनी दिसलं, कारन माझी नजर पदराखालून वर जातच नव्हती.

आबा मंजी मपले चुलत सासरे, सासऱ्याचे धाकले भाऊ. एकला मानूस. दुपारभर ओसरीवर अंबाडी घिऊन दोरी वळत बसतेत. कुनी दोरी मागाय आलं की इचारतेत, "किती हात?" त्यो म्हनला दहा, तर आबा बारा मोजतेत. "लागंल तेवढी, आन् वरून दोन हात. इंतजाम पाह्यजे!" शिंप्याला बी एकदा हेच सांगितलं. त्या येड्यानं खरंच दोन हात सदरा वाढवला. कापला तवा मपल्या लेकीची दोन झबली झाली त्यात.

माझी लेक अकरा महिन्याची. पयलं लेकरू सव्वा महिन्यात गेलं माझं, मनून हिला नुसती शिंक आली तरी मी रातभर जागी ऱ्हाते. हिचं जावळ देवीला काढायचं बोललेलं व्हतं. देवी ताडकळसच्या पल्याड माळावर, चैताचं ऊन, बैलगाडी, जाता येता रानात मुक्काम. मी आत्याबाईला, मंजी सासूबाईला, म्हनले, पाऊस पडल्यावर जाऊ. त्या म्हनल्या, "देवीला तारीख देती का तू?" झालं. निघालो. मी, लेक, सासूबाई, आमचे मालक आन् आबा. आन् दोऱ्या. गाडीत मानसापरीस दोऱ्याच जास्ती.

पर खरं सांगते, मुक्कामाला आबाचं बघण्यासारखं व्हतं. वाऱ्यानं चूल पेटंना. आबानं गाडी आडवी लावली, दोरी ताणली, वर वाकळ टाकली, पेटली चूल. गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. आबानं डबा बाभळीच्या फांदीला टांगला आन् दोरीला मधी राकेलची चिंधी बांधली. मुंग्या खाली यायच्या, चिंधीपासी थबकायच्या, माघारी वळायच्या. आबा त्येंला म्हनतेत, "जा, घरी सांगा, हितं इंतजाम हाय."

आत्याबाई म्हनल्या, "भाऊजी, देवीला बी दोरीच वाहता का आता?"

"वाहीन की. किती हात लागंल तेवढं इचारून सांगा."

सकाळी लेक उठली ती रडतच. पोट बिघडलं व्हतं. झोळी बांधावी तर दोरी पाह्यजे. आबा तिथंच बैलापासी व्हते, पर मी मागू कशी? तीन वर्सं झाली लग्नाला, आबासंगट एक अक्षर बोलले नव्हते. आमच्यात सून सासऱ्यासंगट बोलत न्हाई. आत्याबाई वढ्याला गेलत्या, मालक वैरन आनाय. मी इळा घेतला, हिरीतून पानी वढायची दोरी व्हती गाडीत, तिचा दोन हात तुकडा कापला आन् झोळी बाभळीला टांगली. म्हनलं मागून सांगू. निघायच्या गडबडीत लेक घेतली, झोळीचं लुगडं घेतलं, तुकडा बाभळीलाच राह्यला.

दुपारी ताडकळसच्या अलीकडं खड्ड्यात चाक गेलं, कड्दिशी जू तडकलं, गाडी तोंडावर पडली. आमाला खरचटलं न्हाई पर पान्याची घागर फुटली. आबानं व्हत्या न्हवत्या तेवढ्या दोऱ्या जूला गुंडाळल्या आन् मालकाला म्हनले, "हळू जा, सुतार गाठ." मालक रिकामी गाडी घिऊन गेले. आमी लिंबाखाली बसलो. जवळच हीर व्हती, पायऱ्या नसलेली. पोहरा आन् हिरीची दोरी तेवढी आबानं ठिवून घेतलती.

लेकीला सकाळपासून धा येळा झालती. व्हट वाळले, रडायची बंद झाली. ती रडंना तवा मी रडाय लागले.

आबानं पोहरा सोडला. दोरी संपली. पोहरा पान्याच्या वर लोंबायलाय. आबानं वढला, परत सोडला, परत तेच. "असं कसं? म्या मोजलीय! घरी मोजलीय!" मंग शेवट हातात घिऊन बघितला. इळ्यानं कापलेला.

म्या पदर आनखी खाली वढला. पर लेकीकडं बघितलं आन् तोंडातून निघालंच. "आबा, म्या कापली. झोळीला. तुमाला मागायचं भ्या वाटलं."

आत्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मी झोळीचं जुनं लुगडं पुढं केलं, "हे बांधा." आबानं त्याला नुसता हात लावला आन् म्हनले, "न्हाई पोरी. जुनं कापड फाटतंय."

मंग त्येनी कमरंची दोरी सोडली.

हिरीच्या दोरीला जोडली, गाठीत वीतभर गेली. आबा हिरीच्या काठाला पालथे पडले, खांद्यापतूर हात आत घातला, तवा कुठं खाली बुडबुड झालं. पोहरा वर आला. मी पदरानं गाळून बोटानं एक एक थेंब सोडला. लय येळानं लेकीनं जीभ हालवली, मंग मपलं बोट धरून चोखाय लागली. आबा तिथंच पालथे पडून व्हते, तोंड तिकडं करून.

आत्याबाई हळूच म्हनल्या, "रझाकाराच्या साली आमी तुरीत लपून व्हतो. भाऊजींची पोरगी तापलेली, एवढीच. हीर घावली, दोरी दोन हात कमी पडली. धोतर सोडून बांधलं, ते फाटलं, तांब्या खाली गेला. पानी दिसत व्हतं गं नुसतं. पोरगी तिथंच गेली. सालभरात बायको बी."

तीन वर्सं त्या दोरीला मी बी पदराआड हासले व्हते.

सांजच्याला मालक गाडी नीट करून आले. दुसऱ्या दिशी देवीम्होरं जावळ निघालं. न्हाव्याचा वस्तारा बघून लेक अशी बोंबलली की आबा म्हनले, "वरड! बेस वरड!" बाकीचे आपल्या लेकराला गप करायलेत आन् आमचे आबा वरड मनायलेत. मी पदर सावरला, पर मान वर ठिवली. म्हनलं बघा सगळे, हे मपले सासरे हायती.

कमरंची दोरी त्येनी लेकीच्या झोळीला बांधून दिली. येताना त्या बाभळीपासी आबा म्हनले, "गाडी थांबव." खाली उतरले. मपला तुकडा फांदीला तसाच लोंबत व्हता. त्येनी सोडला, हातावर मोजला, आन् कुनाकडं न बघता कमरंला गुंडाळला.

"पुरतो का, आबा?" मी इचारलं.

"पुरतो, पोरी," आबा म्हनले. "चल, ऊन व्हायलंय."