टेबलाखालचं गेट

कलगोंडाच्या कमरेनं आणि व्याह्यानं एकाच आठवड्यात त्याचा अपमान केला, आणि त्यातून ते टेबल जन्माला आलं.

कमरेचं दुखणं तसं जुनंच, पण त्या आठवड्यात त्याला बसल्या जागेवरून दोन माणसांनी धरून उठवावं लागलं. निपाणीत चिकोडी रस्त्याला कलगोंडाची वेल्डिंगची शेड. वीस वर्षं तो तिथल्या कोब्यावर उकिडवा बसून गेटं, ग्रिलं आणि जिने जोडत आला होता. कोबा रवळू गवंड्यानं घातलेला. ओल्या सिमेंटवर दोरी धरून त्यानं ऐसपैस चौकोन आखून ठेवले होते. कलगोंडा त्या रेघांवर पाईप मांडायचा, कोपऱ्यांना टाके मारायचा की गेट तयार. कोपरा काटकोनात आहे की नाही हे ताडून बघणं त्याच्या मते रिकामटेकड्यांचं काम होतं. गावात निम्मी घरं रवळूनं बांधलेली आणि त्यांना गेटं कलगोंडाची. नेलं, टेकवलं, बसलं. कधी कानस लावायची वेळ आली नाही, आणि या गोष्टीचा कलगोंडाला भारी अभिमान होता.

व्याह्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. व्याही म्हणजे आण्णाप्पा, त्याच्या लेकीचे, क्षमाचे सासरे. तंबाखूच्या व्यापारातले, बोलण्यात साखर आणि साखरेत सुई. त्यांनी नवा बंगला बांधायला काढला होता, अर्थात रवळूकडूनच. कलगोंडा बंगला बघायला गेला आणि चहा घेताघेता म्हणाला, "गेटाचं माझ्याकडं लागलं बरं का, पाव्हणं."

"तुमच्याशिवाय कोण हाय आमाला?" आण्णाप्पा म्हणाले. "पर काय हाय, कलगोंडाण्णा, बेळगावला एक कारखाना बघून आलोय. मोठ्या टेबलावर काम करत्यात बघा. तुमी पडला भुईवर बसून करणारं. आमच्या पोरानं म्हटलं, पुढची बाजू हाय, जरा कारखान्याचं असूंद्या."

कलगोंडानं अर्धा कप तसाच खाली ठेवला. गावभर गेटं करायची, आणि पोटच्या पोरीच्या दारात बेळगावचं गेट लागायचं! त्यात संध्याकाळी क्षमाचा फोन आला. "आप्पा, मी मामांजींना सांगितलंय, आमचे आप्पा पण टेबलावरच करणार म्हणून. आता माझी लाज तुमच्या हातात हाय. वास्तुशांतीच्या आत लावा."

"लावतो की!" कलगोंडा म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याकडे टेबलच नाही.

मग त्यानं मोबाईलवर टेबलं बघायला सुरुवात केली. परदेशातले धट्टेकट्टे लोक चकचकीत टेबलांवर टिचक्या मारत काहीबाही सांगत होते. भाषा कळत नव्हती, पण टेबल कळत होतं. कलगोंडानं खडूनं शेडच्या भिंतीवर चित्र काढलं. वर जाड प्लेट, खाली चॅनेलची चौकट, सहा पाय, आणि पायांना खाली बोल्ट, म्हणजे टेबल पाणसळीत आणता येईल.

प्लेट आणायला तो विक्रम भंगारवाल्याकडे गेला. विक्रमला वजनावर माल विकायचा असल्यामुळे मजबुतीबद्दल त्याची मतं फार ठाम होती.

"ही प्लेट नगं, कलगोंडाण्णा. ही तापली की पापडावानी फुगंल. ही घे, साखर कारखान्याची हाय. हिच्यावर ट्रक उभा कर."

"मला ट्रक न्हाय रं उभा करायचा."

"उद्या करावा वाटला तर?"

जाड प्लेट आली. जाड प्लेटला चॅनेल कसलं पुरणार, म्हणून गर्डर आले. गर्डरांना सहा पाय लेचेपेचे वाटायला लागले, म्हणून आठ झाले. विक्रमला पायांना खालून आडव्या पट्ट्याही घालायच्या होत्या, पण तोवर त्याच्याकडचं लोखंडच संपलं. त्यामुळे टेबल त्यातून वाचलं, आणि पुढे कलगोंडाही वाचला.

काम मात्र कलगोंडानं जीव ओतून केलं, हे सांगायला पाहिजे. सलग वेल्ड मारला तर प्लेट एका अंगाला ओढ घेते, म्हणून तो एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, असा टेबलाभोवती देवळातल्यासारखा फेऱ्या घालत होता. बेळगावला जाऊन त्यानं काटकोन बघायचा नवाकोरा गुण्या आणला. विक्रमकडून साखळीची कप्पी आणून टेबल उलथं केलं, पाय जोडले, पुन्हा सुलटं केलं आणि शेडच्या बरोबर मध्ये, त्या आखलेल्या चौकोनांवर उभं केलं. नळीत पाणी भरून चारी कोपरे एका पातळीत आणले आणि बायकोला हाक मारली.

लक्ष्मीबाई आल्या. कलगोंडानं बेअरिंगचा छर्रा प्लेटवर ठेवला. छर्रा जागचा हलला नाही.

"बघितलास?"

"बघितलं की. ह्यावर पापड काय झकास लाटता येतील वो!"

"अगं, हे मशिनीचं काम हाय. पापडाचं न्हाय."

लक्ष्मीबाईंनी टेबलावरून हात फिरवला, आणि माप घेतल्यासारखं एकदा कडेकडेनं बघितलं.

गेटही तसंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा कलगोंडानं प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावला, कर्ण मोजले, केसाचाही फरक निघाला नाही. आंघोळ घातलेल्या पोराकडे बघावं तसा तो त्या गेटाकडे बघत राहिला. कमरही दुखत नव्हती.

वास्तुशांतीच्या आदल्या सकाळी गेट टेम्पोतून बंगल्यावर आलं. आण्णाप्पा शेजारपाजाऱ्यांना घेऊन उभे होते. "आमच्या व्याह्यांनी टेबल बांधून केलंय," ते प्रत्येकाला सांगत होते. क्षमा चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती आणि तिचा चेहरा नुसता उजळला होता. रवळू खांबांवरचे सिमेंटचे शिंतोडे खरवडत होता.

गेट उचललं, बिजागऱ्यांना लावलं आणि ढकललं. अर्ध्या वाटेत ते खर्रर्र करून जमिनीला घासलं आणि थांबलं. टोक उचलून धरलं, तर वरचा कोपरा समोरच्या खांबाला जाऊन भिडला. पुन्हा खाली, पुन्हा वर. गेट काही त्या दोन खांबांच्या मध्ये मावेना.

"उद्या पूजा झाली, हळदकुंकू लागलं की बसंल," एक शेजारी म्हणाला.

"गेट वाकडं हाय," रवळू म्हणाला.

कलगोंडाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "वाकडं? माझं? मर्दा, कर्ण मोजलेत मी! तुझा खांब वाकडा हाय."

"ऐक कलगोंडा," रवळू खाली बसून शांतपणे तंबाखू मळत म्हणाला. "वीस वर्सं तुझं गेट माझ्या खांबाला बसतंय. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"आज बसत न्हाय. मी खांब बांधायची रीत बदललेली न्हाय. तू गेट करायची रीत बदललीस. मग वाकडं कोण?"

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. एवढा चोख न्याय कोर्टातसुद्धा मिळत नाही. आण्णाप्पा खाकरले आणि म्हणाले, "बेळगावच्या कारखान्यात फोन लावू का? पर उद्यापातुर काय ती लोकं देणार..." क्षमाच्या हातातला चहा गार होत चालला होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

कलगोंडानं पिशवीतून नवा गुण्या काढला आणि खांबाच्या पायथ्याला लावला. वर जाता जाता गुण्या आणि खांब यांच्यामध्ये चांगली दोन बोटं फट पडली. "बघा!"

रवळूनं आपला जुना गुण्या काढला आणि त्याच जागी लावला. खांब गुण्याला असा चिकटला की मधून वारासुद्धा जाऊ नये. "बघा!"

आण्णाप्पांनी चष्मा पुसला. "ह्यात खरा कंचा?"

"ह्या गुण्यावर निम्मी निपाणी उभी हाय," रवळू म्हणाला. "पडलंय का एक तरी घर? एकदा वखारीच्या परांचीवरनं खाली आलता, एवढंच. पर लोखंडाला काय हुतंय?"

"कवा आलता?" कलगोंडानं विचारलं.

"लई वर्सं झाली की. तुझा कोबा घातला, त्याच्या आदल्या साली."

कलगोंडाच्या डोळ्यांपुढे शेडमधले ते चौकोन आले. त्याच गुण्यानं आखलेले. वीस वर्षं त्या रेघांवर जोडलेलं एकूण एक गेट दोन बोटं कललेलं होतं, आणि रवळूचा एकूण एक खांब तेवढाच, त्याच अंगाला कललेला होता. म्हणून ती बसत होती. आपल्या हातात विद्या आहे असं तो समजत होता, आणि ती सगळी विद्या रवळूच्या पडलेल्या गुण्याची होती.

आता खरं बोलायचं म्हणजे काय सांगायचं? की पाव्हणं, खांबच काय, तुमच्या बंगल्याची एकही खोली चौकोनी नाही? उद्या वास्तुशांत, आणि आज ही सुवार्ता? आण्णाप्पा आयुष्यभर प्रत्येक कोपऱ्याकडे बघत बसले असते आणि प्रत्येक वेळी क्षमाला ऐकवलं असतं. आणि मग गावातल्या बाकीच्या गेटांचं काय? कलगोंडानं पायरीवर उभ्या पोरीकडे बघितलं, नवा गुण्या पिशवीत घातला आणि घसा साफ केला.

"रवळूचं बरोबर हाय. गेटच वाकडं झालंय. सांजच्याला नीट करून आणतो."

रवळूनं मोठ्या मनानं त्याला तंबाखूची चिमूट देऊ केली.

शेडमध्ये गेट पोहोचलं तेव्हा दुपार झाली होती. ग्राइंडरनं कोपऱ्यांचे टाके कापले, की पाईप जुन्या रेघांवर मांडायचे आणि पुन्हा जोडायचे. दोन तासांचं काम. फक्त त्या रेघांवर आठ पायांचं टेबल उभं होतं. कलगोंडानं ढकललं. टेम्पोवाल्यानं ढकललं. पहार लावली, तर पहार वाकली. विक्रमला फोन केला तेव्हा कळलं की साखळीची कप्पी गडहिंग्लजला कामावर गेली आहे.

"चांगलं मजबूत झालंय म्हण की!" फोनवर विक्रमला आनंद झाला.

मग कलगोंडानं टॉवेल डोक्याला बांधला आणि पोटावर सरपटत टेबलाखाली शिरला. खालून आडव्या पट्ट्या नव्हत्या, म्हणून गेटही त्याच्या मागोमाग आत शिरलं. तो पाईप रेघेवर सरकवत होता, तेवढ्यात वर धप्प करून काहीतरी पडलं.

"कोण हाय?"

"मीच की," वरून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "उद्या पाव्हण्यांच्याकडं पोळ्या न्यायच्या हाईत. तुमी वर काय करत न्हाईसा, मग म्हटलं, रिकामं का ठेवा?"

"अगं, मी खाली वेल्डिंग करतोय!"

"करा की. टेबल कशापायी बांधलं हुतं म्हणं?"

कलगोंडानं काच डोळ्यांपुढे धरली आणि रॉड टेकवला. वर लाटणं फिरत होतं आणि खाली ठिणग्या उडत होत्या. मान मोडत होती, कमर तर दोन ठिकाणी बोलत होती. एकदा उठायच्या नादात डोकं प्लेटला आपटलं. प्लेटला काही झालं नाही.

संध्याकाळी अंधार पडायच्या आत गेट बंगल्यावर पोहोचलं. आण्णाप्पांनी स्वतः ढकललं. गेट अलगद गेलं आणि टक् करून खांबाला टेकलं, जसं वीस वर्षं टेकत आलं होतं. आण्णाप्पांनी एकदा उघडलं, एकदा लावलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी कलगोंडाला सगळ्यांसमोर मिठी मारली.

"बघा, टेबलावर काम केलं की कसं कारखान्यावानी हुतंय! न्हायतर भुईवर बसून असलं बसतंय व्हय?"

"आप्पा," क्षमा हळूच म्हणाली, "डोक्याला काय लागलं?"

"काय न्हाय गं. टेबल जरा ठेंगणं झालंय."

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीला आलेला प्रत्येक पाहुणा आधी गेट उघडझाप करून बघत होता आणि मग जेवायला बसत होता. पोळ्यांचीही तारीफ झाली. पंगत उठेपर्यंत कलगोंडाकडे चार गेटांची कामं लागली, आणि प्रत्येकाची एकच अट होती की टेबलावरच करायचं. कलगोंडा कमरेवर हात ठेवून सगळ्यांना हो म्हणत होता.

हात धुवायला गेला तेव्हा रवळू त्याला बाजूला घेऊन गेला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"कलगोंडा, काल बोलून गेलो खरं, पर रातभर डोक्यात तेच घोळत हुतं. दोन बोटाची फट मी बी बघितली की रं. माझा गुण्याच तर गेला नसंल? तुझ्यावानी बेळगावचा नवा घ्यावा म्हणतोय. आज तुला गेटं सांगितली ती चारी घरं मलाच बांधायची हाईत."

नव्या गुण्यानं रवळू आधी हा बंगलाच मोजणार होता, आणि मग गावातलं एकूण एक गेट. कलगोंडानं इकडं तिकडं बघितलं, रवळूच्या पिशवीतून तो जुना, गंजका गुण्या काढला, आपल्या धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसला आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावून परत त्याच्या हातात ठेवला.

"येडा हाईस का रं?" तो म्हणाला. "ह्याच्यावर निम्मी निपाणी उभी हाय. ह्याला जपून ठेव. आन् परत परांचीवर नेऊ नगंस."