दुसऱ्या मजल्यावरची चढाई

हॉलमध्ये सहा गाद्या होत्या, दोन सतरंज्या, नऊ उशा आणि भिंतीला टेकवून उभा केलेला एक सोफा. गाद्यांपैकी चार घरच्या, दोन समोरच्या फ्लॅटमधून "पाहुणे येणारेत" असं सांगून आणलेल्या. राघवेंद्रने सगळं पुन्हा एकदा मोजलं, फरशीवर खडूने मध्यरेषा आखली आणि जाहीर केलं, "आज या प्रश्नाचा कायमचा निकाल लागणार."

प्रश्न असा होता की नववीतल्या मुग्धाला घरच्यांनी कबड्डी खेळू द्यावी की नाही. शाळेच्या संघात तिची निवड झाली होती. पुढच्या रविवारी नांदेडला सामने होते आणि खेळाच्या भुजंग सरांना आज संध्याकाळपर्यंत घरचा होकार हवा होता. नाही मिळाला तर तिच्या जागी दुसरी मुलगी जाणार होती.

राघवेंद्र लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. ज्या गावात नववीतलं पोर सकाळी एका क्लासला आणि संध्याकाळी दुसऱ्या क्लासला जातं, तिथे मुलगी कबड्डी खेळते म्हटल्यावर लोक बापाकडे दवाखान्यातून सुटून आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघायचे. पण राघवेंद्रचा आक्षेप तो नव्हता. त्याला खरोखर भीती वाटायची. मैदानाच्या कडेला तो एकदाच उभा राहिला होता आणि सामना संपेपर्यंत स्वतःचाच घोटा चोळत होता.

"हे बघ," तो म्हणाला, "अठ्ठेचाळीस किलोची मुलगी जोरात पळत येते. समोरची तिचा घोटा धरते. वरचं शरीर पुढे जाणार, पाय जागेवर राहणार. मग मधे काय मोडेल ते तूच सांग."

"मधे काही मोडत नाही बाबा. पडायचं कसं, ते भुजंग सर शिकवतात."

"पडायला सर कशाला लागतात? पृथ्वी आहे ना."

त्याची बायको मनस्विनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बँकेत आठवडाभर लोकांची भांडणं ऐकून तिला रविवारी घरचं भांडण नको असायचं. "आठ दिवस दोघं नुसते बोलून राहिलात. एकदा करून बघा ना."

राघवेंद्रचे डोळे चमकले. प्रयोग म्हटलं की त्याचा विरोध विरघळायचा. "ठीक. चढाई मी करतो. तुम्ही दोघींनी पकडायचं. कबड्डीमुळे मला काही लागलं, तर नांदेड रद्द. नाही लागलं, तर सरांना फोन मी स्वतः करतो."

"शब्द?" मुग्धाने विचारलं.

"शब्द."

पहिल्या चढाईत तो आडतीवर सोयाबीनचं पोतं टाकावं तसा आपटला. मुग्धा वर वाकून शांतपणे म्हणाली, "हात टेकवायचा नाही. हनुवटी आत घ्या. खांद्यावरून लोळायचं." दुसऱ्या वेळी तो हनुवटी आत घेऊन पडला. तिसऱ्या वेळी लोळला. त्यानंतर त्याला कुठेच काही दुखेना, आणि दुखेना म्हणून तो चिडला, आणि चिडला म्हणून आणखी जोरात धावू लागला.

आता त्याला मजाही यायला लागली होती. बनियन घामाने भिजलं होतं, चष्मा टीव्हीवर काढून ठेवला होता आणि "कबड्डी कबड्डी" म्हणताना तो मधूनच मांडीवर थाप मारत होता. मनस्विनीलाही देगलूरच्या आपल्या शाळेतलं कबड्डीचं मैदान आठवलं असावं. तिने पदर खोचला आणि त्याच्या कमरेला अशी मिठी मारली, की लग्नाच्या सतरा वर्षांत इतकं मनापासून आपल्याला कोणी धरल्याचं त्याला आठवेना.

खाली काय चाललं होतं, ते त्याला नंतर कळलं.

खालच्या मजल्यावर माधवराव राहायचे. निवृत्त ग्रामसेवक. ते चहा पीत बसले असताना त्यांच्या शोकेसमधले कप किणकिणले. मग पंखा हलला. मग पुन्हा कप. आता, लातूरच्या माणसाला कप वाजल्यावर पुढचं कोणी सांगावं लागत नाही. तो आधी गॅस बंद करतो, मग जिना उतरतो आणि मोकळ्या जागेत उभा राहून मगच विचारतो, काय झालं. त्यात माधवराव त्र्याण्णव सालच्या भूकंपावेळी औसा तालुक्यात नोकरीला होते. ढिगाऱ्यातून माणसं काढायला ते स्वतः गेले होते. त्यामुळे या बाबतीत अख्खी बिल्डिंग त्यांचं ऐकायची.

"खाली चला, लई हादरून राहिलंय," असं प्रत्येक दारावर सांगत त्यांनी सगळ्यांना आवारात आणलं. माणसं मोजली. दुसऱ्या मजल्यावरचे तिघं कमी भरले; हाक त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

माधवराव उलटे वर धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत त्यांना दिसलं ते असं: सोफा उभा राहिलेला, गाद्या एकमेकींवर चढलेल्या, उशा चहूकडे, त्या सगळ्यावर मायलेकी पालथ्या पडलेल्या आणि त्यांच्या खालून बाहेर आलेला एकच हात. हाताची बोटं वळवळत होती. गादीखालून कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता.

ती राघवेंद्रची सगळ्यात चांगली चढाई होती. दोघींना शिवून झालं होतं आणि मध्यरेषा बोटापासून वीतभर लांब होती.

"घाबरू नका सर, मी आलो," म्हणत माधवरावांनी तो हात दोन्ही हातांनी धरला आणि पाय रोवून ओढला.

"काका, सोडा," मुग्धा ओरडली.

"आता सोडत न्हाई, पोरी."

खांद्यातून खट्‌ असा आवाज आला. राघवेंद्रची कबड्डी थांबली.

त्याला धरून खाली आणलं तेव्हा आवारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोवर भूकंपाची बातमी बिल्डिंगच्या ग्रुपवरून बाहेर पडली होती. जिना उतरेपर्यंत शिरूर अनंतपाळहून मनस्विनीच्या मावशीचा फोन आला, घर राहिलं का पडलं म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला, हात गळ्यात बांधला आणि विचारलं, "भूकंपात लागलं का?"

"भूकंप झालाच नाही," मनस्विनी म्हणाली.

माधवराव तोवर सगळं समजून चुकले होते. घसा खाकरून ते पुढे झाले. "कबड्डी खेळून राहिले होते डॉक्टरसाहेब. कबड्डीच लिहा. लई वाईट खेळ हाय तो."

राघवेंद्रने मुग्धाकडे पाहिलं. ती बाकावर बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. एकदा नुसतं "हो" म्हटलं असतं, तर नांदेड रद्द झालं असतं. तिचे गुडघे, घोटे, मनगटं सगळं सुरक्षित घरी राहिलं असतं. मात्र प्रॅक्टिकलला हवं तसं उत्तर येण्यासाठी आकडे फिरवणाऱ्या पोरांना तो वर्षानुवर्षं शून्य देत आला होता.

"अकरा वेळा पडलो," तो शेवटी म्हणाला. "साधं खरचटलं नाही. लागलं ते वाचवताना."

"कोणाला वाचवताना?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"मला."

माधवराव खिडकीबाहेर बघू लागले. मुग्धाने नाडी सोडली, बापाच्या खिशातून त्याचा मोबाईल काढला, भुजंग सरांचा नंबर लावला आणि त्याच्या चांगल्या हातात दिला.

पुढच्या रविवारी नांदेडला मुग्धाने नऊ चढाया केल्या. पाच गुण मिळवले, दोनदा पकडली गेली, उजव्या गुडघ्याला दोन सेंटिमीटर खरचटलं. राघवेंद्रचा हात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी खांद्याच्या उंचीपर्यंत वर गेला.