मालात स्टिकर

गोरक्षच्या न्हाणीची भिंत पहिल्यांदा पडली, ती प्रतिभाने तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला म्हणून. निदान गोरक्षचं म्हणणं तरी तसंच होतं.

"टॉवेल पिळून टाकायचा ना!" तो बायकोवर खेकसला.

"अहो, टॉवेलच होता. गादी नव्हती," प्रतिभा म्हणाली आणि पडलेली एक वीट उचलून तिने नवऱ्याच्या नाकासमोर धरली. विटेला सिमेंटचा कणसुद्धा चिकटलेला नव्हता. वाळू-सिमेंटचा माल सगळा खाली भुगा होऊन पडला होता.

नाशिकलगतच्या मखमलाबादच्या मळ्यात गोरक्षच्या हाताला यश होतं. शेवंती असो की टोमॅटो, त्याने लावलं आणि आलं नाही असं होत नसे. गवंडीकाम मात्र ही नवीन हौस होती. शेजारच्या पुंजाचं घर बांधताना बांधावर बसून त्याने गवंड्याला बघितलं होतं. "विटेवर माल, मालावर वीट. त्यात काय शिकायचं?" असं म्हणून त्याने स्वतःच थापी हातात घेतली होती.

घाई होती ती सासूबाईंची. देवळ्याच्या बयाबाई भाचीच्या लग्नासाठी नाशकात यायच्या होत्या. मागच्या खेपेला त्यांनी ताडपत्रीच्या आडोशाला अंघोळ केली, ऐन वेळी वारा सुटला, आणि तेव्हापासून 'नाशिकच्या जावयाला चार विटा रचता येत नाहीत' हे साऱ्या भाऊबंदांना माहीत झालं. या वेळी न्हाणी नसेल तर आपण सरळ सिन्नरला, धाकट्या जावयाकडे उतरू, असा निरोप त्यांनी धाडला होता. लग्न नाशकात आणि सासू सिन्नरला! गोरक्षला सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"माल चिकटत नाय," गोरक्ष विचार करून म्हणाला, "म्हंजे चिकटायचं औषध घालायचं राहिलं."

तो तरातरा खोलीत गेला आणि स्टिकरची बाटली घेऊन आला. टोमॅटोवर फवारताना औषध पानावरून ओघळू नये म्हणून पंपात घालतात, तेच हे स्टिकर.

"पानाला धरतंय, तर विटेला धरणार नाय का?"

"पंपाला तर झाकणभरच घालता," प्रतिभाने आठवण करून दिली.

"पान केवढं, वीट केवढी! ओत सगळी."

घमेल्यात थापी फिरली तसा माल फुगू लागला. आधी बुडबुडे आले, मग फेस आला, मग तो फेस घमेल्याचा काठ ओलांडून गोरक्षच्या पायावर आला. तरी त्याने नेटाने भिंत रचली. वीट ठेवली की ती हळूच पुढे सरकायची. तिला मागे ढकलावं तर शेजारची पुढे यायची.

"भिंत बांधताय की कपडे धुताय?" प्रतिभाने विचारलं. गोरक्ष उत्तर देणार, तेवढ्यात सगळी भिंत आवाज न करता खाली बसली.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. "धुवून काढतो एकेकीला!" म्हणत त्याने साऱ्या विटा हौदात लोटल्या आणि तो न जेवताच झोपला.

सकाळी राग ओसरला, पण सासू टळणार नव्हती. स्टिकर संपलेलं होतं. त्याने विटा विसळून काढल्या आणि निथळत्याच घेऊन पुन्हा साधाच माल कालवून बांधायला बसला. संध्याकाळी एक वीट तिरकी वाटली म्हणून त्याने उचलायला बघितली.

"ए प्रतिभा! ही निघंना!"

प्रतिभाने जवळ येऊन पाहिलं. "कोरड्या विटा मालातलं पाणी पिऊन टाकत होत्या हो! सिमेंट धरणार कशानं? आता पोटभर पिऊन आल्यात, म्हणून गुमान बसल्यात."

"मला ठाऊकच व्हतं," गोरक्ष मान वर न करता म्हणाला. "उगाच टाकल्या व्हत्या का हौदात?"

न्हाणी उभी राहिली. गोरक्ष रोज पाठीला पंप लावून भिंतींवर पाणी मारू लागला. पुंजाने बांधावरून विचारलंसुद्धा, "भिंतीला कोणता रोग पडला रं?" दार सिन्नरच्या ज्ञानेशने, म्हणजे धाकट्या जावयाने, आपल्या वर्कशॉपमधून मुद्दाम पाठवलं. जाड लोखंडी, नव्या कडीचं. वरचा पत्रा तेवढा टाकायचा राहिला, आणि बयाबाई आल्या.

त्यांनी दाराचं तोंडभर कौतुक केलं, भिंतीकडे नुसतं संशयाने बघितलं आणि अंघोळीला आत गेल्या. थोड्या वेळाने आतून अहिराणी वळणाची हाक आली.

"जावईबापू! कडी अडकनी शे!"

गोरक्षने दार ओढलं, ढकललं, त्याला खांदा लावला. दार ढिम्म.

"मामी, दार काय तुटायचं नाय. लोखंडी हाय."

"मंग भिंत पाडा! तुमच्या हातची शे, एका लाथंत पडंल!"

हे गोरक्षला लागलं. त्याने पहार आणली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून घाव घातला. पहार झणझणत मागे आली. भिंत होती तिथेच होती. त्याने पुन्हा घातला, आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"मामी, पडंना!"

"जोर लावा ना!"

"लावतोय की! टवकासुद्धा उडंना, आईशप्पथ!"

"अहो, हसताय काय?" प्रतिभा ओरडली. "माझी आई अडकलीय आत!"

शेवटी वरून शिडी आत सोडली. बयाबाई लुगडं सावरत, सप्तशृंगीचा धावा करत वर आल्या आणि भिंतीच्या माथ्यावर डोळे गच्च मिटून बसल्या. आता शिडी ओढून बाहेरच्या बाजूला लावायची होती. गोरक्षने ती ओढली आणि खाली ठेवून दिली.

"प्रतिभा, पुंजाला बोलाव. घरच्या साऱ्यांना घेऊन ये म्हणावं."

"अहो, शिडी लावा!"

"लावतो गं. कसली घाई हाय?"

पुंजाचं सगळं घर बांधावर येऊन उभं राहिलं. बयाबाई भिंत कोसळायची वाट बघत होत्या. ती कोसळेना. त्यांनी एक डोळा उघडला. बूड हलवून बघितलं. मग दुसराही डोळा उघडला आणि पदर नीट केला.

"मामी," गोरक्षने घसा खाकरून विचारलं. "कशी काय वाटती?"

बयाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"ते दार सिन्नरला परत धाडा. भिंत ऱ्हाऊ द्या."

गोरक्षला इतका आनंद झाला, की शिडी लावायची राहूनच गेली. सासूबाईंचा चहा मात्र लगेच वर पोचला.