गच्चीखालचे पाढे

सरकारी दवाखान्याचे छत पावसाळ्यात गळते, म्हणून ते पावसाळ्यात दुरुस्त करता येत नाही. उन्हाळ्यात ते गळत नाही, म्हणून दुरुस्तीची गरजच उरत नाही. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या दवाखान्याची गच्ची हिवाळ्यात करायला घेतली. मोतीबिंदूची ऑपरेशनेही हिवाळ्यातच होत. दोन्ही कामे एकाच वेळी, एकाच खोलीच्या वर आणि खाली सुरू झाली, यात कोणाचाच दोष नव्हता. दोन्हींना रीतसर मंजुरी होती.

बोरी अरबचे सदाशिवराव गुरुजी त्या खोलीत खालच्या बाजूस होते. पेन्शनीत निघाल्यावरही गावची पोरे संध्याकाळी पाट्या घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. मोतीबिंदू वाढला तशी पाटीवरची अक्षरे धूसर झाली. पोरे हुशार; चुकीचे गणित पुढे धरून विचारत, "बरोबर हाय ना गुरुजी?" गुरुजी म्हणत, "बरोबर." मागे खुसखुस ऐकू येई. हे त्यांच्या जिवाला लागले. पाटीवरची चूक पुन्हा दिसावी, एवढ्यासाठी ते डोळा कापून घ्यायला तयार झाले.

ऑपरेशन छान झाले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर डोकं हलवायचं नाही. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, दचकायचं तर मुळीच नाही. टाका तुटला की डोळा गेला."

"दचकणं माझ्या हातात आहे का?"

"हातात नाही. पण जबाबदारी तुमची आहे."

तेवढ्यात वरून ठोका पडला. चुन्याची गच्ची ओली असेपर्यंत लाकडी थाप्यांनी ठोकावी लागते, नाहीतर तिला भेगा पडतात. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया ओळीने बसून गच्ची ठोकत होत्या आणि ठोकता ठोकता गात होत्या. रुपीबाई त्यांची म्होरकी. तिचा आवाज छताच्या झरोक्यातून थेट गुरुजींच्या उशाशी उतरे.

गुरुजींनी तक्रार सांगितली. डॉक्टर म्हणाले, "आवाज बांधकाम खात्याचा आहे. माझ्याकडे फक्त कान. आणि दुसऱ्या खोलीची फरशी उखडली आहे, नाहीतर तुम्हाला हलवलं असतं. लेखी द्या."

"पट्टी आहे. सही कशी करू? अंगठा घ्या."

"अंगठा निरक्षरांचा. तुम्ही गुरुजी आहात." शेवटी डॉक्टरांनी स्वतः लिहिले, 'रुग्ण तक्रार करीत असल्याचे ऐकले, सही डोळे उघडल्यावर', आणि कागद पुढे गेला.

बांधकाम खात्याचे ओव्हरसीअर आले. त्यांनी गच्चीवर उभे राहून आवाजाची छाननी केली. ठोकणे हे मंजूर काम होते, म्हणून त्याला आवाज म्हणता येईना. गाणे मात्र अंदाजपत्रकात कुठेच नव्हते. त्यांनी गाणे बंद केले, आणि जाताना 'शांतता राखा' अशी पाटी गुरुजींच्या उशाशी भिंतीत खिळे मारून लावून दिली. शेवटचा खिळा वाकला, म्हणून तो उपटून पुन्हा मारला.

गाणे बंद झाले तसा ताल गेला. एक थापी इकडे पडे, दोन तिकडे. मग बराच वेळ काही नाही. आणि गुरुजींचा डोळा लागतो न लागतो तोच ठक्क! गुरुजी दचकत. शेजारच्या खाटेवर देवीलाल होता. बैलगाडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, आणि पाय प्लास्टरात होता. तो म्हणाला, "तुमी काहून दचकता गुरुजी? मी त मस्त झोपून राह्यलो."

"तुझा पाय मोडलाय देवीलाल. तो दचकून काय करणार?"

डॉक्टरांनी पट्टी चाचपून पाहिली आणि चेहरा गंभीर केला. "असे आणखी चार हिसके बसले, तर मी जबाबदार नाही."

गुरुजींनी डोके न हलवता वरच्या झरोक्याकडे हाक मारली, "रुपीबाई! असं वेडंवाकडं काहून ठोकता?"

"गाणं बंद केलं जी साहेबानं. आता हात कवा पडते, आमालेच समजत नाही!"

गुरुजी विचारात पडले. गाणे बंद होते, पण पाढे कोणी बंद केले नव्हते. "मी म्हणतो तसं म्हणा. दर उत्तराला एक थापी. बे एके बे!"

"बे एके बे!" वरून आले, आणि सगळ्या थाप्या एकदम पडल्या. गुरुजी दचकले नाहीत. ठोका कधी पडणार हे आता त्यांना आधी कळत होते. दोन दिवसांत पाचापर्यंत पाढे झाले. ओव्हरसीअर ऐकायला आले, पण त्यात चाल सापडेना, म्हणून परत गेले. खालची खोलीही म्हणू लागली. देवीलालला नवाचा पाढा येऊ लागला, तेव्हा त्याने शेजारच्या रोग्यांना चहा पाजला.

गोष्ट इथेच संपायची. पण रस्त्याने समाजशिक्षणाचे साहेब चालले होते. दवाखान्याच्या छतावर आणि छताखाली एकाच वेळी पाढे चाललेले ऐकून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथल्या तिथे प्रौढांचा वर्ग मंजूर केला, थेट मार्चअखेरपर्यंत. सूचना एकच केली. "ती पाव-अर्ध्याच्या पाढ्यांची पावकी-निमकी बंद करा. नवे पैसे आलेत. देशाला यापुढे पाव लागणार नाही."

रुपीबाई वरून म्हणाली, "याडी, माय माझी! ठोकाची मजुरी अन् वरतून शाळा!"

गच्ची पौषातच पक्की झाली. पण ठोके थांबवले तर वर्ग बंद पडणार होता, म्हणून बांधकाम खात्याने ठोकणे 'देखभाल' या सदरात चालू ठेवले. गुरुजींचा आठवडा कधीच उलटला होता.

"डॉक्टरसाहेब, पट्टी कधी काढता?"

"डोळा बरा झाला असावा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पण पट्टी काढली की तुम्ही बरे. बऱ्या माणसाला खाट देता येत नाही. खाट गेली की शिक्षक गेला, शिक्षक गेला की वर्ग गेला. मार्चअखेर काढू."

"माझी पोरं वाट पाहून राह्यली असतील हो."

"इथं काय कमी पोरं आहेत?" डॉक्टरांनी खोलीकडे हात केला असावा. पट्टीमुळे गुरुजींना दिसले नाही.

मग होळी आली. रुपीबाईसह सगळ्या बाया तांड्यावर गेल्या. सकाळी गच्चीवरून एकही ठोका आला नाही. इतक्या दिवसांच्या ठोक्यांनी जे झाले नव्हते ते त्या शांततेने केले. गुरुजी दचकून उठून बसले आणि त्यांनी पट्टी ओढून काढली.

दिसत होते! स्वच्छ दिसत होते. आधी 'शांतता राखा' दिसले. मग देवीलाल दिसला, दोन्ही पायांवर उभा राहून फेटा बांधताना. त्याचा प्लास्टरचा पोकळ पाय खाटेवर व्यवस्थित निजवून वर चादर घातली होती. बाकीचे रोगी गुबगुबीत गालांनी पुरणपोळीच्या गोष्टी करत होते.

"देवीलाल! अरे, पाय?"

"जुळून मोप दिवस झाले जी. पण पटावर नाव हाय ना!"

तेवढ्यात डॉक्टर धावत आले, आणि त्यांच्यामागे जिल्ह्याचे एक साहेब. हिवाळ्यातली तक्रार फिरत फिरत त्यांच्याकडे पोचली होती आणि ते आवाजाची चौकशी करायला आले होते. त्यांनी सर्वांना गप्प बसवले आणि कान दिला. बाहेर एक कावळा ओरडला.

"कावळा आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहिले: 'चौकशीअंती आवाज आढळला नाही. तक्रारदाराचे समाधान झाले.' "डोळे उघडलेत ना? करा सही."

गुरुजींनी वाचले. अक्षर न् अक्षर दिसले. "साहेब, आज होळी आहे. बाया सुट्टीवर आहेत."

"चौकशी आजची आहे. कालच्या आवाजाची चौकशी काल व्हायला हवी होती. आणि तक्रार चालू असताना तक्रारदाराला सोडता येत नाही. नियम आहे. सही केलीत तर दुपारच्या एस्टीनं घरी."

जन्मभर पोरांच्या चुकांवर फुली मारणाऱ्या गुरुजींनी टाक उचलला. ओट्यावरची पोरे डोळ्यांपुढे आली. त्यांनी सही केली, वळणदार. देवीलालने खाटेवर बसून पुन्हा प्लास्टरात पाय घातला. वर्गाचा शिक्षक आता तो होता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बोरी अरबच्या ओट्यावर एका पोराने पाटी पुढे धरली. 'सात आठे चोपन्न.'

"बरोबर हाय ना गुरुजी?"

चूक स्पष्ट दिसत होती. गुरुजींनी फुली मारायला पेन्सिल उचलली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात क्षणभर अडला. मग त्यांनी फुली मारली, आणि पोरापेक्षा आपणच जास्त खजील झाले.

त्याच वेळी तिकडे गच्चीवर ठोके पुन्हा सुरू झाले होते. पण आता त्यांच्याविरुद्ध कुठलीही तक्रार शिल्लक नव्हती. वाचकहो, तुम्हीही क्षणभर कान देऊन ऐका. तुमच्या डोक्यावर काहीच ठकठक ऐकू येत नसेल, तर एक तर आज होळी असेल, नाहीतर तुमची सही आधीच होऊन गेली असेल.